निळ्या दोरीची टोपली

फुसाएने दोन शिंपल्या एकमेकींवर आपटल्या. आवाज बद्द आला. डाव्या हातातली शिंपली बदलून तिने पुन्हा आपटली. पुन्हा बद्द. तिने दाराकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. मग एक शिंपली तिने जिवंतांच्या टोपलीत टाकली आणि दुसरी मेलेल्यांच्या. असं का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सगळा हिवाळा असाच गेला होता.

कुवानाच्या खाडीवर शिंपल्या विकणाऱ्या या घरात ती सून म्हणून आली तेव्हा सासूने तिला पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. शिंपलीची बिजागरी तिला सतत उघडायला बघते. आतला जीव ओढून धरतो म्हणून ती मिटलेली राहते. उघडायला जोर लागत नाही, मिटून राहायला लागतो, असं सासू म्हणायची. मेली की बहुतेक शिंपली आपोआप उघडते. पण काही मेल्यावरही मिटलेल्याच राहतात, पोटात चिखल घेऊन. त्या डोळ्यांना कळत नाहीत. मडकं घेताना वाजवून बघावं तशी शिंपली वाजवून बघायची. जिवंत असली तर चिनी मातीच्या पेल्यासारखी खणकन वाजते. एक मेलेली आत गेली की अख्खं पातेलं नासतं. फुसाएने निवडलेली टोपली पुन्हा कोणी तपासत नसे. तपासणं म्हणजे तिला तोंडावर खोटं म्हणणं.

हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या मुलाने, यासुनोरीने, पुढच्या पडवीत शिंपल्या निवडायचं मशीन बसवलं. मोठ्या गिऱ्हाइकांसाठी आहे, तुझी टोपली तुझ्याकडे येईलच, असं तो आईला म्हणाला. लोखंडाला कान कुठून आले, म्हणून फुसाए सुनेपाशी हसली होती. टोपली खरंच येत राहिली. कडीला फुसाएनेच निळी दोरी गुंडाळलेली ती टोपली यासुनोरी रोज स्वतः आणून ठेवायचा.

पण तेव्हापासूनच शिंपल्या वाजेनाशा झाल्या. मशीनच्या खडखडाटाने कान खाल्ला, अशी तिची खात्री झाली. माणसांचं बोलणं तिला नीट ऐकू येई. पण शेजारच्या म्हातारीचंही असंच झालं होतं. आधी बारीक आवाज गेले, मग बोलणं. टोपलीभर मेलेल्या शिंपल्या या घरात कधी आल्या नव्हत्या. त्यामुळे टोपलीवर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

ती अंदाजाने निवडत राहिली. आज कोणीतरी भांडायला येणार, म्हणून रोज धास्तावून बसायची. कोणी आलं नाही. लोक भले आहेत, अशी तिने समजूत घातली.

मग नातीचं, साओरीचं, लग्न ठरलं. शिंपलीची दोन अर्धी एकमेकांनाच बसतात, दुसऱ्या कुठल्याही शिंपलीला नाही. म्हणून लग्नाच्या सारात तीच लागते. आणि नवरीच्या वाटीतली शिंपली घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईने वाजवून द्यायची असते. माझी आजीच वाजवणार, असं साओरी शाळेत असल्यापासून सगळ्यांना सांगत आली होती. नवरीच्या वाटीत मेलेली शिंपली निघाली तर? या विचाराने फुसाएचं अन्न तुटलं.

काल जेवताना तिने मुलाला सांगून टाकलं. कान गेलाय, हिवाळाभर मी अंदाजाने निवडतेय, तुझ्या बापाचं नाव मी बुडवलं.

यासुनोरी दचकला नाही. काही बिघडलेलं नाही, असं तो भात खाता खाता म्हणाला. लग्नाच्या शिंपल्या मशीन निवडेल, तू आता आराम कर. सून मान खाली घालून चहा ओतत राहिली. जेवण झाल्याबरोबर त्याने आईचा शिंपल्या निवडायला बसायचा पाट उचलून माळ्यावर टाकला.

आज सकाळी तोकुजी मागच्या दाराशी आला. तिच्या नवऱ्याचा हा जुना सोबती अजून स्वतः खाडीत उतरतो. ओल्या फडक्यात त्याने लग्नासाठी मोठमोठ्या शिंपल्या आणल्या होत्या.

"घ्या वहिनी, वाजवा."

मशीन बघेल, असं ती पुटपुटली.

"मशीन जेवायला येणार आहे का लग्नाला? एका मेल्या शिंपलीपायी तुमच्या सासूने मला पार खाडीपर्यंत हाकललं होतं. निदान दोन तरी वाजवा."

म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून तिने दोन उचलल्या आणि आपटल्या.

खणकन आवाज झाला.

तिने दुसऱ्या दोन घेतल्या. मग आणखी दोन. एकूण एक शिंपली वाजली, सासूच्या हातात वाजायची तशी. तोकुजी काहीतरी थट्टा करत होता. दोन शिंपल्या मुठीत धरून ती तशीच उठली आणि घरातून पुढच्या पडवीत गेली.

मशीन चालू होतं. पट्ट्यावरून सरकत शिंपल्या पलीकडच्या पेट्यांत पडत होत्या. मधूनच एखादी अलीकडच्या पन्हळीतून बाहेर फेकली जात होती. त्या पन्हळीखाली निळ्या दोरीची टोपली होती.

यासुनोरीने वळून पाहिलं आणि मशीन बंद केलं.

"तुला रिकामं बसणं जमलं नसतं, आई," तो म्हणाला. "म्हणून मशीनने फेकलेल्या द्यायचो. तुझ्या दोन्ही टोपल्या संध्याकाळी मीच खाडीत ओतून यायचो. तुझी एकही शिंपली गिऱ्हाइकाकडे गेलेली नाही. खरंच."

त्याने तिच्या मुठीकडे पाहिलं.

"चल, पाट काढून देतो. साओरीच्या शिंपल्या तूच वाजव."

पडवीत इतकं शांत झालं होतं की टोपलीतून ठिबकणारं पाणीसुद्धा ऐकू येत होतं. फुसाएने मुठीतल्या शिंपल्या मशीनच्या पट्ट्यावर ठेवल्या आणि हात कानामागे नेला.

"काय म्हणालास?" तिने विचारलं. "माझा कान गेलाय ना."