मनगटातलं सहावं हाड

मनगटात आठ हाडं असतात आणि सुनेच्या घोकण्यात दर वेळी सहावं हरवत होतं.

स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपिझियम... इथवर गाडी धडधडत यायची आणि मग पुढे नुसता धुरळा. ती डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. इस्पितळात ती आया होती. आजाऱ्याला उठवणं, बसवणं, पुसणं तिच्या अंगवळणी पडलेलं. नर्सिंगची परीक्षा मात्र गेल्या वर्षी तोंडीला येऊन अडली होती. परीक्षकांनी हातात हाडं दिली आणि तोंडपाठ केलेलं सगळं वाहून गेलं. यंदाही तसंच झालं, तर पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

सुट्टीची दुपार होती. नवरा ट्रक घेऊन परगावी गेलेला. पडदा मधूनच फुगत होता, पुन्हा गजांना चिकटत होता. खिडकीपाशी आरामखुर्चीत सासू डोळे मिटून पडली होती. दोघींचं वाकडं नव्हतं, पण बोलणंही दूध, नळ आणि किल्ली यांच्यापलीकडे कधी गेलं नव्हतं. आपण यांना मनातून पसंत नाही, हे सुनेने केव्हाच गृहीत धरलं होतं.

"तेच ते किती दळशील," सासू डोळे न उघडताच म्हणाली आणि उजवा हात पुढे केला. "हा घे. यात असतील ना?"

सून खुर्चीजवळ खाली बसली. इतक्या वर्षांत हा हात तिने कधी हातात घेतला नव्हता. हॉटेलच्या लॉन्ड्रीत जन्मभर इस्त्री केलेला हात. वरची कातडी इतकी पातळ झाली होती की आतली हाडं पाण्याखालच्या गोट्यांसारखी बोटांना लागत होती.

अंगठ्याच्या मुळाशी खळगा असतो, तिथे तिने दाबलं, तर सासूने हात किंचित मागे घेतला. मग सांगू लागली. नवी नोकरी होती, चादरींचा गठ्ठा घेऊन जिन्यावरून पडले, हातावरच आपटले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. रुमाल घट्ट बांधून त्याच हाताने इस्त्री फिरवत राहिले. सून ऐकत होती, बोट तिथेच ठेवून. स्कॅफॉइड.

मनगटाच्या मागे, मधोमध, ल्युनेट. तिथे, सासू म्हणाली, मुलाचं कपाळ टेकलेलं असायचं. गोवर आला तेव्हा तो दुसरीकडे कुठे झोपेचना. कडेचा बारका उंचवटा म्हणजे पिसिफॉर्म. लहानपणी सासूला वाटायचं, तिथे वाटाणा अडकलाय. डॉक्टर कापून काढतील म्हणून घरी कुणाला दाखवलाच नव्हता. सुनेला हसू आलं. ती म्हणाली की आई, वाटाण्यासारखं म्हणूनच त्याचं नाव तसं पडलंय. सासूही हसली, पण झोपेत हसावं तशी.

दुपार हळूहळू पेंगत चालली. बोलणारी सासू आहे की तिचा हात, हेही सुनेला नीट कळेनासं झालं. ती नुसती एकेका गोट्यावर पाय ठेवत पाण्यातून पुढे जात होती, आणि प्रत्येक गोट्यापाशी कुणी ना कुणी उभं होतं. कुणी परकरातली पोर, कुणी तापलेलं बाळ.

तर्जनीच्या खाली तिचं बोट थांबलं. नाव आठवेना.

"हे?" सासूने विचारलं.

"हेच ते. हेच हरवतं."

पडदा फुगला, बसला.

"तुझे सासरे शेवटचे इस्पितळात होते," ती म्हणाली. "एक आया त्यांना पाणी पाजत होती. हनुवटीवरून ओघळायचं, ती पुसायची, पुन्हा पाजायची. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही तिने. मी या बोटाने मुलाला दाखवली. म्हटलं, ती."

सुनेने वर पाहिलं. "पण हे तर म्हणतात, त्यांनीच मला आधी पाहिलं."

"पाहिलं त्यानेच," सासू म्हणाली. "कुठे बघायचं ते मी सांगितलं."

त्या बोटाखालच्या हाडावर सुनेने आपला अंगठा तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने सासूचा श्वास संथ झाला, आणि त्या संथ लयीत तिला नाव आपोआप आठवलं. ट्रॅपेझॉइड. ते पुन्हा कधी हरवलं नाही.

तोंडीच्या दिवशी परीक्षकांनी तारेत ओवलेला हाडांचा पंजा टेबलावरून तिच्याकडे सरकवला. तिने तो हस्तांदोलन करावं तसा हातात घेतला आणि डोळे मिटले. आठही नावं ओळीने आली, सावकाश, न अडखळता. परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण मांडले आणि पंजा परत घ्यायला हात पुढे केला.

तिने डोळे उघडले. पिवळट, गुळगुळीत, खूप जणांनी हाताळलेला तो पंजा ती निरखून बघत राहिली.

"सर, हा हात कोणाचा आहे?"

परीक्षकांना प्रश्न कळायला क्षणभर लागला.

"विभागाचा," ते म्हणाले.

तिने मान हलवली. पण तो हात सोडायला तिला अंमळ उशीरच झाला.