टिकणारी माणसं

"ताट उचललं गं तिनं!" रोडेल बायकोच्या कानाशी कुरकुरला. "एकदाच तर 'नको' म्हटलं होतं मी."

मारिविकनं चेहऱ्यावरचं हसू न हलवता त्याला टेबलाखालून कोपर मारलं. "गप्प बस. परत विचारेल ती."

पण ॲगाथा वीब परत विचारणाऱ्यांतली नव्हती. लिंडेनबर्ग गाव सगळं मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं. ही माणसं कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत. त्यांचा 'हो' तो हो, आणि 'नको' ते नको. उलट या पाहुण्यांच्या गावचा, फिलिपिन्समधल्या इलोइलोचा माणूस पहिल्या खेपेला 'हो' म्हणाला, तर त्याच्या आईबापांचं नाक कापलं जातं. पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, यजमानानं तिसऱ्यांदा वाढायचंच, ही तिकडची रीत. त्यामुळे पनीर भरलेली, करंजीसारखी गरमागरम वेरेनिकी आणि धुरी दिलेलं सॉसेज मुकाट स्वयंपाकघरात परत गेलं आणि नवराबायको उपाशीपोटी हसत बसून राहिली.

हसणं भाग होतं. कॅनडात कायमचं राहायचं तर शिक्का ओटावातल्या केंद्र सरकारचा लागतो. पण तो कुणासाठी मारायचा, ते नाव मॅनिटोबा प्रांत सुचवणार होता, आणि प्रांत आधी गावाला विचारणार होता. म्हणून उमेदवारांनी गावात चार दिवस येऊन राहायचं. ट्रेलरचा कारखाना पाहायचा, शाळा पाहायची, थंडीचं कौतुक करायचं. शेवटच्या संध्याकाळी गावातल्या एका घरी जेवायचं. मग त्या घरानं टाऊन हॉलला एवढंच कळवायचं, की ही माणसं इथं टिकतील की नाही.

रोडेलचा आल्बर्टा प्रांतातला कामाचा परवाना वसंतात संपत होता. आज हे घर 'नाही' म्हणालं, तर सामान बांधून परत. 'हो' म्हणालं, तर तिकडे आजीकडे वाढणारी लेक जोव्हेलिन आईबापांकडे यायची. फोनवर ती पोर हल्ली आजीलाच आई म्हणत होती. मारिविक झाली होती 'कॅनडातली आई'.

ॲगाथाचं दुखणं निराळं होतं. कागद हातात पडले, की कुणालाही कुठंही जायची मुभा, कायदाच तसा. तिनं भरवशानं सुचवलेली मागची दोन कुटुंबं ट्रक भरून टोरांटोला निघून गेली होती. टाऊन हॉलातली मंडळी टोमणे मारायची, "ॲगाथा, तुझं जेवण पचतं लोकांना, गाव पचत नाही!"

जेवणं, म्हणजे वीब नवराबायकोची जेवणं, झाली. ॲगाथा तळघरातून आलुबुखाराची बरणी आणायला गेली. मारिविक भांडी घासते म्हणून आत गेली.

बरणी घेऊन ॲगाथा वर आली तेव्हा पाहुणी शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. दोन्ही गाल फुगलेले, बोटं साईच्या रश्श्यात बरबटलेली, तिसरी वेरेनिकी हातात. मारिविकला धड गिळता येईना, धड थुंकता येईना.

ॲगाथानं अख्खं भांडंच उचलून टेबलावर आणलं आणि दोन ताटं भरली. विचारलं नाही. रोडेल असा तुटून पडला, की म्हातारा कॉर्नी वीब खो खो हसायला लागला. "अरे, पोटात वणवा होता की यांच्या! मग नको का म्हणालात, बाबांनो?"

ॲगाथा हसली नाही. दोघांचं खाऊन होईपर्यंत ती हाताची घडी घालून बसली.

"मघाशी नको म्हणालात, तेव्हा हवं होतं," ती म्हणाली. "आल्यापासून 'इथंच राहू, इथंच राहू' म्हणताय. त्याचा काय अर्थ घेऊ मी?"

रोडेल खुर्चीतून अर्धा उठला. "मॅम, कायमचे राहू! मरेपर्यंत! देवाशपथ!"

शपथ, आणि ती या घरात! कॉर्नीनं खाकरून खिडकीकडे पाहिलं.

"तुला नाही विचारलं," ॲगाथा म्हणाली. "तिला विचारतेय."

मारिविकनं ओठांवरची साय पुसली. रोडेल टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबत होता. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. घरून निघताना दोघांनी तेच घोकलं होतं. पण पकडल्या गेलेल्या बाईला आणखी एक खोटं रेटायचा कंटाळा आला असावा.

"माहीत नाही, मॅम," ती म्हणाली. "लेक येईपर्यंत हलणार नाही, हे खरं. पुढं तिला शाळा रुचली, मला इथं माणसं मिळाली, तर राहू. नाही तर जाऊ."

रोडेलनं डोळे मिटून घेतले.

"मग संपलंच की," कॉर्नी हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं असावं. "काय कळवायचं ते ठरलं."

"ठरलं. यांना घ्या म्हणून कळवणार आहे मी. खरं बोलली ही."

"अगं, ती राहीन म्हणालीच नाही!" कॉर्नी थक्क झाला. "टिकणारी माणसं हवीत गावाला. तुझ्यासारखी. तू नाही राहिलीस जन्मभर? कधी तक्रार केलीस?"

ॲगाथानं बरणीचं घट्ट बसलेलं झाकण दोन्ही हातांनी पिळून उघडलं. चौघांच्या वाट्यांत आलुबुखार वाढून झाले, तरी तिनं मान वर केली नाही.

"लग्न करून पॅराग्वेच्या उन्हातून मला इथं आणलंस, तेव्हा हे मला कुणी विचारलं नव्हतं, कॉर्नी," ती म्हणाली. "विचारलं असतंस, तर त्याच विमानानं परत गेले असते मी."