पुरावा मागणारा नळ

नळाने पाणी बंद केलं आणि विचारलं, "सुगंधाताई, हात आत्ताच तर धुतलेत. आता कसली भीती?"

"तुझ्या बापाची!" सुगंधा खेकसली. साथीत सरकारला दवाखान्यात खाटा वाढवता आल्या नाहीत, हे बोलणारे शहाणे नळ मात्र त्याने घरोघर बसवले. धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली होती. तिच्या तान्ह्या लेकीला, चिमीला, सासूच सांभाळत होती.

"मी शिवले तर पोर मरेल," ती म्हणाली.

"पुरावा?"

"शेजारची पोर गेली ना, आईची लागण होऊन!"

"ते शेजारचं झालं. तुमचा पुरावा सांगा."

तिला ताप नव्हता, खोकला नव्हता, तपासणीतही काही निघालं नव्हतं. "नाहीये पुरावा," ती चिडून म्हणाली.

"मग पोरीला थोडा वेळ उचलून बघा. भीती वाढते की उतरते?"

तिने सासूकडून चिमीला उचलून घेतलं. छाती धडधडली, पण पोरीने तिचं नाक धरून ओढलं तशी हळूहळू निवली. तेवढ्यात चिमीने शू केली आणि सुगंधाची साडी ओली झाली. ती हसत सुटली आणि ओला पदर नळापुढे नाचवत ओरडली, "सोड पाणी, मेल्या! हा घे पुरावा!"

नळाने काही न विचारता पाणी सोडलं.