सान रोकेचा कुत्रा

“लोलो, तो कुत्रा माझ्या ताब्यात द्या. आत्ताच्या आत्ता.”

तिनोंग दारात उभा होता. हातात मेलेला कोंबडा, उलटा लोंबकळणारा. उसेंग लोलोंनी, म्हणजे उसेंग आजोबांनी, हातातली पटाशी खाली ठेवली नाही. बाकाखाली, ढलप्यांच्या ढिगात, एक तांबूस भटका कुत्रा पाय पसरून पडला होता. त्याच्या मिशीला अजून एक पीस चिकटलेलं होतं.

“जनरल गेला वाटतं,” लोलो कोंबड्याकडे बघत म्हणाले.

“तीन वर्षं वाढवला होता मी! स्वतः अर्धपोटी राहून त्याला मका घातला. सणाच्या झुंजीत उतरवणार होतो. या कुत्र्याला दगड बांधून तळ्यात नाही बुडवला, तर नावाचा तिनोंग नाही.”

“बुडव की. पण सण होईपर्यंत थांब.”

फिलिपिन्समधल्या या पाएते गावात दर तिसऱ्या घरात लाकूड कोरतात, पण चर्चमधल्या मूर्ती उसेंग लोलोंकडेच येत. वस्तीतल्या सान रोके या संताच्या मूर्तीला वाळवी लागली होती. संत गुडघ्यापर्यंत पोकळ झाला होता आणि त्याच्या पायाशी बसलेल्या कुत्र्याचं नुसतं शेपूट उरलं होतं. सोळा ऑगस्टच्या त्याच्या सणाआधी नवी मूर्ती हवी, असं फादरनी बजावलं होतं. प्लेग झाला म्हणून माणसांनी टाकून दिलेल्या सान रोकेला रानात एका कुत्र्याने पाव आणून जगवलं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. कुत्र्याशिवाय सान रोके नाही.

“संताचं सोपं आहे,” लोलोंनी भिंतीवरच्या जुन्या मूर्तीच्या फोटोकडे पटाशी दाखवली. “कुत्रा मात्र जिवंत समोर लागतो. हा आपल्या पायांनी आलाय. मूर्ती झाली की तुझा. शब्द देतो.”

“आणि मधेच पळाला तर?”

“तर तू येऊन राखण कर.”

तिनोंग खरंच यायला लागला. रोज चार वाजता, तळ्यावरची मासळी उतरवून झाली की कोपऱ्यातल्या ओंडक्यावर येऊन बसायचा आणि कुत्र्याकडे डोळे वटारून बघायचा. कुत्रा काही धड बसेना. एक तर झोपायचा, नाहीतर गोचिडी खाजवत गोल गोल फिरायचा. पाव दाखवला की गिळून मोकळा.

तिसऱ्या दिवशी लोलो म्हणाले, “रिकामाच बसलायस, तर जरा पाव धर याच्यापुढे. मान वर राहिली पाहिजे.”

“मी? या खुन्यापुढे?”

“लवकर झालं तर लवकर बुडवशील.”

हे तिनोंगला पटलं.

“असा नाही, वाकून. अजून वाक. तोंड खिडकीकडे कर, सावली पडतेय कुत्र्यावर.”

रोज तासभर हेच. त्याचा हात भरून यायचा. जरा हलला की लोलो खेकसायचे. गप्प राहणं काही त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तो कुत्र्याशीच बोलायचा. “खाल्लास ना रे माझा जनरल? कसा लागला? तीन वर्षांचे लाड होते ते, हरामखोरा.” कुत्रा मान तिरकी करून ऐकायचा. तास संपला की पाव त्याचा.

दुसऱ्या आठवड्यात तिनोंग घरून पाव आणू लागला. लोलोंकडचा शिळा असतो, शिळ्याला कुत्रा मान वर करत नाही, असं त्याचं म्हणणं.

“हल्ली पाव कुठे जातात हो?” बायकोने, पासिंगने विचारलं.

“गळाला लावतो.”

लाकडातला कुत्रा आकाराला आला. संत मात्र गोणपाटाखाली उभा होता. आशीर्वादाआधी त्याचं तोंड कुणाला दाखवायचं नाही, असा लोलोंचा नेम होता. तिनोंगने लाकडी कुत्र्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

“डावा कान थोडा पडका आहे त्याचा. आणि बरगड्या कुठे गेल्या?”

“कोरल्या होत्या. पुन्हा भराव्या लागल्या,” लोलो म्हणाले. “आता त्याच्या दिसत नाहीत ना.”

तिनोंग हातावरचा पावाचा चुरा झटकू लागला.

सणाच्या आदल्या दिवशी लोलोंनी हात झटकले. “झालं. उद्या मिरवणूक संपली की कुत्रा घेऊन जा. शब्द विसरलेलो नाही.”

“मीही नाही,” तिनोंग म्हणाला, आणि कुत्र्याकडे न बघता बाहेर पडला.

घरी पासिंगने विचारलं, “खरंच बुडवणार?”

“अख्ख्या वस्तीला सांगून बसलोय.”

“मग काय झालं? लोक तुम्हाला तसंही कोंबडेवेडाच म्हणतात.”

“वेडा म्हणू देत. मऊ पडला नको म्हणायला. तिनोंगमध्ये माया नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेच बरं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बँड दाराशी तयार होता. पासिंगने नवऱ्याला ओढत पार पुढे आणलं. फादरनी पाणी शिंपडलं आणि कापड ओढलं.

ते आधी कुत्र्यावरून घसरलं. तिनोंगला हसू फुटलं. तोच पडका कान, तीच तिरकी मान. वाटलं, आता उठून अंग झटकेल.

मग उरलेलं कापड खाली आलं आणि चर्चभर कुजबुज पसरली. लोक मूर्तीकडे बघत, आणि मग वळून तिनोंगकडे बघत. बुडवण्याची गोष्ट सगळ्यांना आठवली असणार, त्याला वाटलं. त्याने मान ताठ केली आणि नजर कुत्र्यावरच रोखून धरली.

“अहो,” पासिंगने त्याला कोपराने ढोसलं, “खाली काय बघताय? वर बघा ना.”

पावाचं एक टोक कुत्र्याच्या तोंडात होतं आणि दुसरं संताच्या हातात. कोण कुणाला देतंय ते कळत नव्हतं. तिनोंगची नजर त्या हातावरून हळूहळू वर चढली. कुत्र्याकडे मायेने वाकून बघणाऱ्या सान रोकेचा चेहरा तिनोंगचा होता.