मौनीबाबाचा फोटो

नातीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. लग्नाला चार महिने होत आले असताना एका शुक्रवारी सकाळी सात वाजता गवंड्याने विषाला हसरा चेहरा दिला.

दिला तेव्हा त्याला ते कळलंही नाही. अळंबीवाल्यांच्या फोरमवर लोक रानात सापडलेल्या अळंब्यांचे फोटो टाकत आणि जाणत्यांपैकी कुणी तरी खाली एक चेहरा ठेवी. हसरा म्हणजे खुशाल खा, लाल म्हणजे फेकून द्या. जाणते तिघेच, गवंडी त्यांतला एक. एकाने चेहरा दिला की बाकीचे दोघे त्यात बोट घालत नसत.

गवंड्याला ही पद्धत फार आवडे. त्याला अक्षरओळख झाली ती पन्नाशीनंतर. एक ओळ लिहायची तर अख्ख्या भिंतीला गिलावा करण्याइतका वेळ जाई. चेहरा कसा, एका बोटाचं काम. सासरी जाण्याआधी नातीने त्याला हे सगळं शिकवलं, तेव्हा बायको शेजारी विणत बसून हसत असे.

नवा फोटो आला की फोरमची यादी एक घर खाली सरके. त्या सकाळी त्याचं बोट टेकायला आणि यादी सरकायला एकच गाठ पडली. भलत्याच फोटोला चेहरा देऊन तो दाढी करायला गेला.

दहाच्या सुमाराला त्याने पुन्हा फोन उघडला. गवतावर ओळीने मांडलेल्या सात पांढऱ्या अळंब्या. देठाला झालर, बुडाशी वाटी, म्हणजे विषारी जातीची खूण. खाली त्याचा हसरा चेहरा.

फोटो मौनीबाबाचा होता. हे नाव फोरमवाल्यांनीच ठेवलेलं. दोन महिने हा माणूस फोटो टाकत होता, त्याखाली प्रश्न पडलेलं एक तोंड ठेवत होता, पण कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

गवंड्याने हसरा चेहरा काढला, लाल ठेवला. खाली एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘खाऊ नका.’ मग कंपाउंडरला फोन लावला. कंपाउंडर दुसरा जाणता.

"काय रे, कुठली भिंत पडली?"

"मौनीबाबाला हसरा दिला. चुकून. पांढरीला."

"वाटीवाली?"

"वाटीवाली. सात आहेत."

"चेहरा काढलास ना?"

"काढला. पण त्याने अजून पाहिलेलं दिसत नाही. हसऱ्याला तीन तास झाले."

"अरे, तरणा गडी असेल, कामावर गेला असेल. सकाळी उठून अळंबी कोण खातं? घरी आल्यावर बघेल."

"आणि खाल्ली असेल तर?"

"तर सहा-आठ तास कळायचंही नाही. माणूस हसतो, बोलतो. तेच वाईट आहे तिचं." मग त्याला राहवलं नाही. "गवंड्या, तुला भिंत पाडून पुन्हा बांधायची सवय. हे तसलं काम नाही बाबा."

गवंडी खोलीत येरझाऱ्या घालू लागला. दारात बायकोचे ओले बूट वाळत ठेवले होते, त्यांना दोनदा अडखळला. तिला सांगून मन मोकळं करावं असं एकदा वाटलं. पण चाळीस वर्षं तो तिला ‘तुला काय कळतंय’ म्हणत आला होता. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

एक वाजता तिने हाक मारली. "अहो, जेवायला या. गार होतंय."

"भूक नाही."

"झाकण उघडून बघा तरी."

"नको म्हटलं ना. ठेव तसंच."

"ठेवलेलं कोण खाणार? तुम्हीच नाकं मुरडाल." अन्न टाकणं तिच्या जिवावर येई. स्वतःचं जेवण झाल्यावर तिने त्याचंही ताट संपवलं आणि भांडी घासायला घेतली.

दुपारभर तो लिहीत राहिला. ‘विष आहे.’ ‘चूक माझी.’ ‘दवाखान्यात जा.’ अक्षरं चुकत होती, खोडून पुन्हा लिहावी लागत होती. मौनीबाबाला बायको असेल, आईबाप असतील. सगळे एका टेबलाभोवती बसले असतील. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली तसा तो खिडकीशी धावला आणि आवाज विरेपर्यंत गज धरून उभा राहिला. मौनीबाबाकडून काहीच येत नव्हतं.

पाच वाजता बायकोने विणकाम मांडीवर ठेवलं.

"सकाळपासून भूत लागल्यासारखे काय फिरताय? मी काही आंधळी नाही."

मग त्याचा बांध फुटला. यादी कशी सरकली, बोट कुठे पडलं, कंपाउंडर काय म्हणाला, सगळं त्याने सांगितलं. "माझं चुकलं गं," असं तो आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढे म्हणाला. "कोण कुठला माणूस, माझ्या भरवशावर बसला आणि मी त्याला मारलं."

"बघू फोटो."

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. मग सुया लोकरीच्या गुंड्यात खोचून बाजूला ठेवल्या.

"हा मीच टाकलाय," ती म्हणाली. "नातीने तिचा जुना फोन मला दिला, त्यात हे जोडून दिलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हसला असता."

फोटोखालच्या अकरा ओळींवर तो बोट आपटत राहिला. "अगं, मी लिहिलंय ना. सकाळपासून लिहितोय."

"मी बघितलं तेव्हा हसरा चेहरा होता," ती म्हणाली. "मला तेवढंच वाचता येतं."

ती चौथ्या दिवशी, सोमवारी, सकाळी सव्वानऊ वाजता दवाखान्यात वारली.