गप्प डिश

"ती होय? सकाळीच टाकून दिली मी. मेली होती," सर म्हणाले आणि पडद्याची वायर खोचू लागले.

प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतल्या पेशी तिनं काचेच्या दोन डिशमध्ये पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या होत्या. एकीत कंपनीचं नवं औषध, दुसरी बिनऔषधाची. आणि या गृहस्थांनी नेमकी बिनऔषधाची ब्लीचमध्ये ओतली!

"मेली नव्हती, सर! शहाणी झाली होती. कोवळ्या मेंदूत आधी सगळ्या पेशी एकदम कालवा करतात. मग आवर घालणाऱ्या पेशी कामाला लागतात, तेव्हा कुठे एकेकीला स्वतःचं काही बोलता येतं. पेशी बोलली की पडद्यावर ठिपका चमकतो, म्हणून त्या डिशमध्ये इथे एक ठिपका चमकतो, तिथे एखादा. तुम्ही नीट बघितलं तरी का?"

"हळू बोल. पाहुणे आलेत."

पाहुणे म्हणजे औषध कंपनीची माणसं. हे औषध त्यांना अपुऱ्या दिवसांच्या बाळांना द्यायचं होतं. दिवे मालवले. पडद्यावर औषधाची डिश आली. सगळे ठिपके एकदम लखकन उजळले, एकदम विझले, पुन्हा एकदम उजळले.

"बघा, औषधानं कसं चैतन्य आलंय!" सर म्हणाले.

चैतन्य कसलं, डोंबल! औषधानं आवर घालणाऱ्या पेशींना डोकंच वर काढू दिलं नव्हतं. बाळाच्या मेंदूत हेच झालं तर त्याला झटके म्हणतात.

पण समोर माना डोलत होत्या. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी टाळी वाजवली, तशा सगळ्यांनी वाजवल्या. कालच तिच्याकडून सगळं समजून घेतलेला तिचा सहकारीही त्यात होता. होयबा मेले!

तिनं उठून फटाफट दिवे लावले.

"नाही," ती म्हणाली. "हे चैतन्य नाही, हे झटके आहेत. हे औषध बाळांना द्यायचं नाही."

टाळ्या थांबल्या. सरांचा चेहरा लालबुंद झाला. कोणी कोणाकडे बघेना.

मग मागच्या रांगेतल्या एक बाई चाचरत म्हणाल्या, "मला एक शंका आहे."

"मलाही आहे," खिडकीजवळचे गृहस्थ म्हणाले. "पण वेगळी."