साहेब येणार म्हणून

शेवंती तारी गेली बारा वर्षं रोज सकाळी गावाचा किनारा झाडायची. भरतीने आणून टाकलेल्या बाटल्या, फाटकी जाळी, एकेकटी चप्पल, सगळं पोत्यांत भरायची. मग कुर्ल्यांनी नक्षी काढलेल्या वाळूवर पाय पसरून राणीसारखी बसायची. बाकडं नाही, टपरी नाही. समोर नुसता समुद्र.

एकदा सरपंच धावत आले. "काकी, उद्या टुरिझमचे सायब येतहत. किनारो आवडलो तर हयसर सिमेंटचो रस्तो, स्टॉल, सेल्फी पॉइंट, सगळां होतलां. चकाचक ठेव हां!"

"ठेवतंय," शेवंती म्हणाली.

सकाळी तिने महिन्याभराची सात पोती वाळूत उपडी केली. तेवढ्याने मन भरेना, म्हणून शेजारणीकडची कुजक्या तारली माशांची टोपलीही ओतली. आयुष्यात पहिल्यांदा घाण करताना तिला पाप वाटलं, आणि मजाही आली.

पांढऱ्या बुटांतले साहेब वीस पावलं चालले आणि नाकाला रुमाल लावून थांबले. "इथे साफसफाई कोण करतं?"

"कोणच नाय ओ. गावच घाणेरडो," शेवंतीने सांगून टाकलं.

साहेबांची गाडी आल्या पावली परत गेली. सरपंच तिच्यावर उखडले. "गावाची अब्रू घालवलंस!"

"अब्रू परत येतली. ही वाळू गेली तर खंयसून आणतलस?"

सरपंच आ वासून समुद्राकडे बघत राहिले. शेवंतीने त्यांच्या हातात रिकामं पोतं दिलं.

"तोंड उघडून धर. तुजां नाय, पोत्याचां."